दरोग्याची आंघोळ

वरला तांडा, आखाडा बाळापूरजवळ,
ता. कळमनुरी, जि. परभणी
१५ जून १९९७

तीर्थरूप प्रेमदासदादांस,
धाकट्या देविदासचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. याडी, तुमची धाकटी भावजय रूपाबाई, मी, सगळे खुशाल. याडीचा गुडघा धरतो, पण आपल्या आईचं तोंड ठणठणीत आहे. तुमच्या चि. निताचा शाळेत नंबर वरचा आला हे वाचून याडीनं तांड्याला गूळ वाटला.

तुम्ही लिहिलंत, की हिंगोलीत एका शाळेत शिपायाची जागा आहे, ओळखीच्या साहेबांना सांगून ठेवतो, बकऱ्यांचा नाद सोड. दादा, जागा दुसऱ्या कोणाला द्या. मी सातवीत शाळा सोडली ती परत घंटा वाजवायला जाण्यासाठी नव्हे. आपल्या तांड्यावर घरोघर बकरी आहे, पण ती वाढवायची आणि कळमनुरीच्या बाजारात पायावर उभी विकायची, एवढंच लोकांना ठाऊक. दुधासाठी बकरी पाळणारा मी एकटा. म्हणून हसतात. हसू देत.

एक फजिती मात्र झाली, ती लपवत नाही. होळीच्या सुमाराला स्टँडजवळच्या पुनमचंदच्या हॉटेलात दूध घालायला लागलो. आठवडा गेला नाही तोच त्यानं किटली परत हातात दिली आणि भरल्या हॉटेलात विचारलं, की देविदास, तुझं बोकड चहात पाय बुडवून गेलं काय? लोक हसले. मीही हसलो, कारण त्याचं म्हणणं बराबर होतं. वास होता.

पण वास बकरीचा नव्हता. मी एकेका बकरीचं दूध वेगळ्या भांड्यात काढून, वेगळ्या ठिकाणी ठेवून हुंगलं. शेताच्या बांधावर नेऊन काढलेल्या दुधाला काही नाही. गोठ्यात काढलेल्या दुधाला वास. म्हणजे वास आपल्या दरोग्याचा. दरोगा म्हणजे मी गेल्या वर्षी आणलेलं ते काळं उस्मानाबादी बोकड. नाव याडीनं ठेवलं. तो गोठ्यात शिरला की फौजदार आल्यासारख्या सगळ्या बकऱ्या उठून उभ्या राहतात म्हणून. बोकड माजावर आलं की आपल्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततं, त्याचा तो दर्प. आणि दूध जातीचं चुगलखोर, शेजारी जे असेल ते लगेच अंगाला लावून घेतं.

तेव्हा मी दोन कामं केली. दरोग्याचा खुंटा गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेला. आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळ सुरू केली. पहिल्या दिवशी पाठीवर बादली ओतली तर पठ्ठ्यानं असं अंग झाडलं, की मी, रूपाबाई आणि दोरीवरचं वाळलेलं धुणं, सगळे ओले. आता सवय झाली. कितीही पाणी ओता, डोळे मिटून रवंथ करत उभा राहतो. सकाळी मी घालतो. संध्याकाळी मी दूध घेऊन बाळापुरात असतो, तेव्हा याडी घालते. पुनमचंदनं परवापासून दूध पुन्हा सुरू केलं. किटली रिकामी परत येते.

वहिनींना नमस्कार, निताला आशीर्वाद. थोरल्यांनी धाकट्यावर माया ठेवावी, नोकरीची काळजी ठेवू नये.

आपला,
देविदास

*

हिंगोली
२ जुलै १९९७

चि. देविदास यास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. कचेरीत मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली. राठोडांचा भाऊ बोकडाला न्हाऊ घालतो, अशी आता माझी ओळख आहे. बडे बाबू तर रोज विचारतात, की आज दरोगासाहेबांची आंघोळ झाली का. अरे, आपल्या बापानं बैलांचे तांडे हाकले, पण बैलालासुद्धा पोळ्याशिवाय धुतलं नाही. पुढच्या पत्रात साबण कोणता लावतोस तेवढं कळव, म्हणजे बाबूंचं समाधान होईल.

चेष्टा सोड. शिपायाची जागा भरली गेली. तुझ्या नशिबात पगार नाही त्याला मी काय करू? दिवाळीला येतो आहोत. चहाला तेवढं गाईचं दूध आणून ठेव. बकरीचा चहा मला तरी उतरायचा नाही.

याडीला साष्टांग नमस्कार. माया आहेच, अक्कलही येवो.

तुझा,
प्रेमदास

*

वरला तांडा, आखाडा बाळापूरजवळ,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली
२० मे १९९९

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्त्यात जिल्हा हिंगोली लिहिला आहे, बघितलंत ना? या एक तारखेपासून तुम्ही जिल्ह्याच्या गावाला राहता. बसल्या जागी बढती झाली, अभिनंदन.

माझ्याकडची बातमी याहून मोठी आहे. दरोग्याच्या पहिल्या पोरी यंदा व्यायल्या. त्यांच्या आया जेमतेम पाऊण लिटरच्या होत्या. पोरी पहिल्याच विताला दीड लिटरच्या घरात आहेत, करडं पोटभर पाजून. मी स्वतः मापलं, आणि रूपाबाईनं माझ्यावर भरवसा नको म्हणून पुन्हा मापलं. म्हणजे दूध नुसतं चाऱ्यातून येत नाही, बापाकडूनही येतं. तांड्यावर हे सांगितलं तर धर्मसिंग म्हणाला, की बोकडाला कुठं सड असतात. मी म्हणालो, तुझ्या पोराचं नाक तुझ्यासारखं काहून आहे, त्याला काय तू जन्म दिला?

आता पुढचं. पोरींना बापाकडं लावायचं नसतं, वाण बिघडतं. म्हणून त्यांना मी शंकरसिंगाच्या तांड्यावरच्या बोकडाकडं नेलं होतं. दरोगा जुन्या बकऱ्यांसाठी. यंदा दिवाळीच्या आसपास त्या माजावर येतील, पाच महिन्यांनी म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला वितील. तेव्हा गाई-म्हशी आटलेल्या असतात आणि पुनमचंद माझ्या दारी येतो. उन्हाळा माझा आहे, दादा, आणि तो दिवाळीत ठरतो. बांधावरची सुबाभूळ आणि शेवरी आता डोक्याच्या वर गेली आहे. चारा घरचा, लेंडीखत घरच्या रानाला. विकत आणतो ते मीठ.

धाकट्याची एवढी फुशारकी पोटात घालावी.

आपला,
देविदास

*

हिंगोली
२ सप्टेंबर १९९९

चि. देविदास यास अनेक आशीर्वाद.

मागचे तीन आठवडे पत्र का नाही ते आता लिहितो. निता विषमज्वरानं आजारी होती. याडीला कळवलं नाही, ती पायी निघाली असती. एक दिवस असा आला, की डॉक्टर माझ्याशी बोलायचे बंद झाले, नुसते खांद्यावर हात ठेवून पुढं जायला लागले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आपल्या तांड्याच्या देवीला बोललो, की पोरगी उठली तर आपल्या घरातलं सगळ्यात मोलाचं बोकड तुझ्या ओट्यावर देईन. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता ती भात खाते आहे आणि आईशी भांडते आहे, म्हणजे बरी आहे.

देविदास, आपल्या घरातलं मोलाचं बोकड म्हणजे दरोगाच, हे मी तुला सांगायला नको. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, २६ ऑक्टोबरला, आम्ही सगळे येतो. कचेरीतले साहेबही येतील. तू तयारी ठेव.

याडीला समजावून सांग. देवीची माया आपल्यावर आहे, तुझीही माझ्यावर राहू दे.

तुझा,
प्रेमदास

*

वरला तांडा
९ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

निता उठली हे वाचून याडी ओट्यापाशी जाऊन डोकं टेकून आली. मीही गेलो. एवढी तकलीफ झाली आणि भावाला कळवावंसं वाटलं नाही, याचा राग आहे, तो भेटीत सांगेन.

बाकी पत्राला उत्तर: दरोगा मिळणार नाही.

नवस तुमचा, बोकड माझं, हा कुठला हिशोब? बोकड घराचं म्हणता, मग पुनमचंदनं किटली परत दिली त्या दिवशी घर कुठं होतं? तुम्ही तर कचेरीत वाचून हसत होतात. नवस फेडायचा तर कळमनुरीच्या बाजारातून दोन बोकडं घ्या, धष्टपुष्ट, बिनखोट, मी निवडून देतो. माझ्याकडचीच मांसासाठी ठेवलेली दोन आहेत, तीही घ्या. दरोगा दिवाळीआधी गेला तर माझ्या बकऱ्या गावातल्या हलक्या बोकडाकडं जातील, नाहीतर रिकाम्या राहतील. म्हणजे माझा उन्हाळा गेला. आणि उन्हाळ्यात दूध चुकवलं तर हॉटेलवाला पुन्हा दार उघडत नसतो. साडेतीन वर्षं घातली आहेत, दादा, ती एका जेवणावळीत वाढायला नाहीत.

देवीवर माझा राग नाही. तिनं काही दरोग्याचं नाव घेतलं नव्हतं. ते तुम्ही घेतलंत.

लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही थोरले, तुम्ही ठरवा.

देविदास

*

हिंगोली
१८ सप्टेंबर १९९९

देविदास यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राची भाषा वहिनीला दाखवली नाही. आपल्या तांड्याचे नायक हिरासिंगदादा परवा कोर्टाच्या कामानं इथं आले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, की चूल एक आहे, वाटणी झालेली नाही, तोवर थोरल्याचा बोल तो घराचा बोल. देवीला सांगितलेलं बोकड बदलता येत नाही. बदललं तर ज्याच्यासाठी सांगितलं त्याच्यावर येतं. माझी पोरगी आहे ती, देविदास. तू तुझ्या किटल्या मोजतो आहेस.

तुला दरोगा द्यायचा नसेल तर स्पष्ट लिही. मग चूल वेगळी, रान वेगळं, याडीला मी इकडं आणतो. नाहीतर मंगळवारी दोरी धरून ओट्यापाशी उभा राहा. अवघड काही नाही. याडी पाठीवर पाणी घालेल, बोकड अंग झाडेल, म्हणजे देवीनं पसंत केलं, की झालं. आजवर आपल्या तांड्यावर कोणतं बोकड अंग झाडल्याशिवाय राहिलंय?

साहेबांना आमंत्रण गेलं आहे. माझी इज्जत तुझ्या हातात.

प्रेमदास

*

हिंगोली
१ ऑक्टोबर १९९९

प्रिय देविदासकाका,
तुमच्या निताचा वाकून नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. नवस माझ्या नावाचा आणि मला कोणी विचारलंच नाही. मला दरोगा आठवतो. मागच्या दिवाळीत मी त्याला भाकरी दिली तर त्यानं माझी वेणी खाल्ली होती. माझ्यापायी त्याला कापू नये असं मला वाटतं.

पण काका, बाबांवर रागावू नका. आई सांगते, की दवाखान्याच्या पायरीवर ते लहान पोरासारखे रडत होते. त्या वेळी देवीला काय देऊ म्हणून त्यांनी घड्याळ, सायकल, आईचे दागिने सगळं आठवून पाहिलं, आणि यातलं काहीच पुरेसं वाटलं नाही. मग तुमचा दरोगा आठवला. कचेरीत ते हसतात खरं, पण पाहुणे आले की तुमच्या बकऱ्यांचं दूध किती हे तेच सांगतात, आणि जरा वाढवूनच सांगतात.

तुम्ही दोघं वेगळे झालात तर मी बरी होऊन काय उपयोग झाला? याडीला माझा गोड पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचीच,
निता

*

वरला तांडा
१० ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

याडीशी बोललो. ती म्हणाली, की देविदास, ओट्यापर्यंत नेणं तुझं काम हाय, पुढचं देवीचं. चूल मोडायची न्हाई. तिच्यापुढं माझं चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा मंगळवारी दरोगा ओट्यापाशी असेल आणि दोरी माझ्या हातात असेल. पण माझी एक अट आहे. रीत सांगितलीत ना, मग रीत पुरी झाली पाहिजे. पाणी याडीच घालेल. बोकडाला कोणी हात लावायचा नाही, कानात फुंकायचं नाही, मिरी चोळायची नाही, काठी टोचायची नाही. नायकांनी समोर उभं राहून बघायचं. त्यानं अंग झाडलं तर मी दोरी सोडीन आणि पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. हे मी याडीच्या डोक्यावर हात ठेवून बोललो आहे.

आणि त्या दिवसापर्यंत त्याची रोजची आंघोळ, खुराक, सगळं नेमानं चालेल. देवीपुढं घाणेरडं जनावर नेणं मला पटत नाही.

निताला म्हणावं, वेणी सांभाळून ये.

आपला,
देविदास

*

हिंगोली
२८ ऑक्टोबर १९९९

देविदास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, तरी लिहिला असं समज.

सगळं उरकताच तू दरोग्याला घेऊन निघून गेलास, म्हणून जे झालं ते मीच तुला पुन्हा लिहितो, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळेल. सगळा तांडा जमलेला. साहेब खुर्चीवर. याडीनं पहिला तांब्या त्याच्या पाठीवर घातला. तुझ्या दरोग्यानं डोळे मिटले. दुसरा तांब्या घातला, तो रवंथ करायला लागला. नायक म्हणाले, थंड पाणी आणा. रूपाबाईनं रांजणातलं आणलं. तिसऱ्याला त्या जनावरानं मान पुढं करून दाढी दिली, इथं पण घाला म्हणून! पोरं हसायला लागली. साहेबांनी मला विचारलं, की राठोड, हा विधी किती वेळ चालतो?

मग हिरासिंगदादांनी हात वर केले. म्हणाले, तीनदा विचारलं, तीनदा देवी न्हाई म्हणाली. नाकारलेलं बोकड या घराला पुन्हा चढवता येत नाही, कापता येत नाही, खाटकाला विकताही येत नाही. देवीनं पोरगी दिली आणि बदल्यात काही नको म्हणाली, असं भाग्य कोणाचं, असं म्हणून बायका रडायला लागल्या. तुझी वहिनी रडली. मीही रडलो, खोटं का बोलू.

जेवणाला रूपाबाईची लापशी आणि चहा. साहेबांनी चहा दोनदा मागून घेतला आणि जाताना मला म्हणाले, तुमच्या गावाकडं दूध फार चांगलं मिळतं हो. 

परतीच्या गाडीत, कळमनुरी सोडल्यावर, मला बडे बाबू आठवले, आणि आज दरोगासाहेबांची आंघोळ झाली का, हा त्यांचा रोजचा प्रश्न आठवला. मी एवढ्यानं ओरडलो की कंडक्टरनं गाडी थांबवली. निता तेव्हापासून हसते आहे.

एकच विचारतो, खरं उत्तर दे. तुला आधीपासून ठाऊक होतं काय? आणि याडीला?

प्रेमदास

*

वरला तांडा, जि. हिंगोली
२ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप प्रेमदासदादांस,
धाकट्याचा अगदी वाकून शि. सा. न. वि. वि.

व्हय. ठाऊक होतं.

लपवलं मात्र काही नाही. आंघोळीचं मीच तुम्हाला लिहिलं होतं, तुम्ही सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं होतं. अडीच वर्षं तुम्ही त्या पाण्याला हसलात. सोमवारी संध्याकाळी याडीनं मला विचारलं, की उद्या तर ओट्यावर न्यायचंय, आज पाणी घालू का राहू दे? मी म्हणालो, रोजचं आहे, घाल. तिनं बादली उचलली. माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या पोटात काय होतं ते तुम्ही दिवाळीला येऊन तिलाच विचारा. मला सांगितलं तेवढं लिहितो. ती म्हणाली, की तांब्या कोणाच्या हातातला हाय हे देवीला दिसत नसंल व्हय?

याला फसवणूक म्हणायची असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही. त्यानं अंग झाडलं असतं तर मी दोरी सोडली असती. तिसऱ्या तांब्याला मी हातावरचा दोरीचा वेढा सोडला होता, ते कोणी बघितलं नाही, सगळे दरोग्याकडं बघत होते. आणि देवीनं यात काही केलं नाही असंही मी म्हणत नाही. भरल्या हॉटेलात पुनमचंदच्या तोंडून मला बोकड धुवायला कोणी लावलं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकला आहात.

एक गोष्ट निताच्या पत्रातून कळली, ती मनात धरून आहे. पोरीचा जीव टांगला होता तेव्हा देवीला द्यायला घरातलं सगळ्यात मोलाचं काय, तर तुम्हाला ना घड्याळ आठवलं ना दागिने. माझं बोकड आठवलं. चार वर्षं नाद सोड म्हणणाऱ्या माणसाला! नोकरी लावून दिली असतीत तरी एवढं बरं वाटलं नसतं. हे तुम्ही तोंडानं कधी कबूल करणार नाही, मी तसा आग्रहही धरत नाही.

नवस मात्र रिकामा ठेवायचा नाही. दर साली जी बकरी पहिली विईल, तिचं दूध निताच्या नावानं ओट्यावर जाईल. पण चौथ्या दिवसापासूनचं. पहिल्या तीन दिवसांचा चीक करडाचा. तो देवीलाही मिळायचा नाही. नायक म्हणाले, की चीक देवीला द्यायची रीत आहे. मी म्हणालो, असू दे, माझ्या गोठ्यात करडाची रीत आहे.

दरोगा मजेत आहे. जुन्या बकऱ्या माजावर यायला लागल्या, दोन फळल्या. हे काम उरकलं की त्याची शंकरसिंगाच्या तांड्यावर बदली होईल आणि तिकडचं बोकड इकडं येईल, नाहीतर माझा गोठा सगळा त्याच्याच पोरींचा होईल. देवीनं नाकारलेलं जनावर म्हणून तिकडं त्याला आतापासूनच मान आहे. बायका कुंकू लावायला येतील म्हणे. येऊ देत. त्यांना आंघोळीचं तेवढं बजावून ठेवलं आहे.

दिवाळीला सगळे या. चहाला गाईचं दूध या वेळी आणून ठेवणार नाही, ते सांगून ठेवतो. चूल एकच आहे, ती एकच राहो, आणि तुमचा हात डोक्यावर राहो. मग मला कितीही हसा.

आपला,
देविदास

ता. क. बडे बाबूंना कळवा, सत्त्याण्णव सालच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. साबण लावत नाही. नुसतं पाणी.